जुन्या ट्रॉम्बोनचा भाव आणि 'लो पिच'चा घोळ : पार्श्वभूमी

लग्नसराई संपली की सांगली-मिरजेकडे बँडवाल्यांची जुनी वाद्ये विकायला निघतात. त्यात परदेशी बनावटीचा जुना ट्रॉम्बोन (स्लाइड, म्हणजे सरकती नळी, मागेपुढे करून वाजवायचे पितळी वाद्य) असला तर बोलणी हटकून 'कन्व्हर्ट केलेला' या शब्दावर अडतात. या एका शब्दात तीन वेगळी कामे कोंबली जातात. एक, मूळ वाद्याला मागाहून व्हॉल्व, म्हणजे हवा जादा नळीतून वळवणारी कळ, बसवणे. दोन, माउथपीसची नळी बदलणे. तीन, चढ्या सुराचे वाद्य उतरवून घेणे. भाव पाडण्यासाठी तिन्ही एकाच मापाने मोजली जातात, आणि हे चूक आहे.

व्हॉल्वची गोष्ट थोडक्यात. १८३९ मध्ये लाइपझिगच्या एका कारागिराने ट्रॉम्बोनला सूर सा ते म इतक्या अंतराने खाली नेणारा व्हॉल्व जोडला. आजच्या मोठ्या ट्रॉम्बोनवर तो सर्रास असतो, जुन्यावर नंतर बसवला असेल तर डाख नीट आहे का, एवढेच पाहायचे.

खरा गुंता सुराचा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या बँडांचा सूर चढत चढत ४५२ कंपनांच्या आसपास गेला. आज हार्मोनियमची जी पांढरी सहा आपण ४४० ची धरतो, तीच पट्टी तेव्हा ४५२ ची. या 'हाय पिच'ची वाद्ये पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली. ब्रिटिश लष्कराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस सूर खाली आणला. नागरी ब्रास बँड मात्र आणखी तीन-साडेतीन दशके जुन्या सुरावरच अडून राहिले. १९६० च्या दशकात तिथल्या सर्वांत मोठ्या उत्पादकाने हाय पिच वाद्ये बनवणे थांबवले, तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला. सगळा संच एकदम बदलायला पैसा कुठला? म्हणून नळ्या लांबवण्याचे काम जोरात चालले.

त्याच सुमारास आपल्याकडचे चित्र वेगळे होते. १९४८ मध्ये दक्षिणेतली संस्थाने विलीन झाली होती आणि बँड वरातींवर जगत होते. सगळी वाद्ये सारखीच चढी असली तर कानाला खटकत नाही. कीबोर्ड आला, मीरतहून ४४० ची नवी वाद्ये आली, आणि जुना ट्रॉम्बोन एकटा पडला.

किती फरक? ट्रॉम्बोनचा मूळ सूर काळी पाच. हाय पिच वाद्य काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये वाजते. मिरजेत तंबोऱ्याची तार सैल करून सूर उतरवता येतो. पितळेत तो नळीच्या लांबीत कोरलेला असतो. सुमारे पावणेतीन मीटर नळीला साडेसात-आठ सेंटीमीटरची भर लागते. ती मागच्या वळणात घालतात. पण मग स्लाइडची घरेही, म्हणजे सुरांसाठी ती जिथे थांबवायची त्या जागाही, लांबतात. सातव्या, सर्वांत लांबच्या घराला दीडेक सेंटीमीटर जास्त जावे लागते, आणि जुनी स्लाइड तिथे अपुरी पडू शकते. कन्व्हर्ट केलेल्या वाद्यात तपासायची जागा हीच, मागचा सांधा नव्हे.

आता शिक्क्याबद्दल. जुन्या अमेरिकन वाद्यांवर 'एल. पी.', म्हणजे 'लो पिच', कोरलेले असते, आणि आपल्याकडे काहीजण त्याचा अर्थ 'खर्जाचा ट्रॉम्बोन' असा घेऊन जास्त पैसे मोजतात. त्याचा अर्थ एवढाच की वाद्य ४४० च्या सुराचे आहे, म्हणजे त्याला कन्व्हर्ट करायची गरजच नव्हती. शिवाय अमेरिकन हाय पिच ब्रिटिशांपेक्षाही चढा, ४५७ चा. 'हाय पिच' एवढ्याच माहितीवर किती नळी वाढवायची हे ठरवता येत नाही.

'ओरिजिनल' हा शब्दही बाजारात फार महाग झाला आहे. न कापलेला हाय पिच ट्रॉम्बोन संग्राहकाच्या कपाटात शोभेल, पण वरातीत तो इतरांबरोबर वाजणार नाही. वाजवणाऱ्यासाठी नीट उतरवलेले वाद्यच मोलाचे, आणि त्याचा भाव निम्म्याने पाडणे अन्याय आहे. खरे नुकसान दिसते ते घासून घासून पातळ केलेल्या पत्र्यात, पितळातले जस्त निघून पडलेल्या गुलाबी ठिपक्यांत आणि स्लाइडच्या वाकड्या नळ्यांत. यावर कुणी घासाघीस केली तर ती रास्त.

उतरवताना कापून काढलेले जुने वळण विकणाऱ्याने वाद्याबरोबर दिले, तर त्याचे वेगळे पैसे आनंदाने द्यावेत. बहुतेक वेळा ते भंगारात गेलेले असते.