लग्न ओटीटी, सिरीजपण ओटीटी?

घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये नवरी चक्क क्रेनवरून स्टेजवर उतरली, खाली धूर, वर ड्रोन. बहीण पुटपुटली, "जरा ओटीटीच झालं," तर शेजारच्या मावशी लगेच, "कुठल्या ॲपवर येणारे गं?"

गोंधळ खरा आहे. ओटीटी म्हणजे ओव्हर द टॉप, म्हणजे अति, आपण 'ओव्हर करू नको' म्हणतो तसलं. पहिल्या महायुद्धात खंदकाच्या कडेच्या मातीच्या गोण्या चढून मशीनगनसमोर बाहेर पडायचं, त्याला म्हणायचे ओव्हर द टॉप जाणं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पहिल्याच दिवशी १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. तेव्हा शब्दात धाडस होतं. अमेरिकेत युद्धकर्जाचं टार्गेट पार झालं तरी हेच म्हणायचे. मर्यादा सोडणं हा अर्थ नंतर चिकटला, आणि १९८२ मध्ये तर ब्रिटनमध्ये ओटीटी नावाचा टीव्ही शोच होता.

मोबाइलवरच्या ओटीटीचा टॉप मात्र वेगळा. ही सर्व्हिस टेलिकॉम किंवा केबल कंपनीच्या नेटवर्कवर बसून येते, कंपनीचा तिच्यावर ताबा नसतो. बरेच जण छातीठोकपणे सांगतात की हा टॉप सेट-टॉप बॉक्सचा, पण मला नाही पटत, कारण मेसेज आणि कॉलच्या ॲपलाही ओटीटीच म्हणतात, तिथे कुठला आलाय बॉक्स?

आपल्याकडे खरी वादावादी याच ॲपवरून झाली, सिरीज बघणारे नंतर आले. मार्च २०१५ मध्ये टेलिकॉमच्या नियामकाने ओटीटीवर मतं मागवली. कंपन्यांचं रडगाणं असं की आमच्या नेटवर्कवर हे फुकट कमावतात. अरे पण डेटाचा रिचार्ज आम्हीच मारतो ना! दहा लाखांवर ईमेल गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये साइटनुसार वेगळे डेटा दर लावायला बंदी आली. मग २०२१ च्या डिजिटल नियमांत सिरीजवाल्यांसाठी 'क्युरेटेड कंटेंट' असलं जडजंबाल नाव आलं. २०२२ च्या टेलिकॉम विधेयकाच्या मसुद्यात ओटीटी हा शब्द होता, २०२३ च्या कायद्यात तो गुपचूप गाळला. ॲप यात येत नाहीत असं तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं खरं, पण 'मेसेज'ची व्याख्या इतकी ऐसपैस ठेवलीय की उद्या कोणी मावशींचा गुड मॉर्निंगपण त्यात बसवेल.