पांढऱ्या पेशी लाखावर, तरी प्रतिकारशक्ती दुबळी

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटच्या, बेळगाव, निपाणी किंवा खानापूरच्या लॅबमधून आलेल्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा आकडा लाखाच्या वर दिसला, की रोगाशी लढणाऱ्या पेशी एवढ्या असताना पेशंटला सारखा ताप का येतो, हा प्रश्न घरच्यांना पडतो, आणि तो रास्तच आहे. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारणपणे 4,000 ते 11,000 असतात. तीव्र ल्युकेमियात मात्र मोठा भरणा ‘ब्लास्ट’ या अपरिपक्व पेशींचा असतो. त्या लढाईच्या कामाच्या नसतात, शिवाय अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार होतात तिथली, जागा अडवून बसल्याने निरोगी पेशी पुरेशा तयार होत नाहीत. म्हणून एकूण आकड्याइतकाच, किंबहुना अधिक, रिपोर्टाच्या खालच्या ओळीतील न्यूट्रोफिलचा, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा महत्त्वाचा असतो.

न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. त्यांचा पुरवठा रोगाने किंवा किमोथेरपीने तुटून आकडा मायक्रोलिटरला 500च्या खाली गेला, की आतड्यातले नेहमीचे जिवाणूही रक्तात शिरून जिवावर उठतात. पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच असल्याने अशा पेशंटला गळू धरत नाही, सूजही फारशी दिसत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गावात रात्री ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉलची गोळी देऊन सकाळच्या पहिल्या बसची वाट पाहणे धोक्याचे ठरते, कारण दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होणे अपेक्षित असते. भाताच्या मळणीची धूळ आणि कुबट वास येणारे ओले पिंजर (भाताचा पेंढा) यांपासूनही पेशंटला लांब ठेवावे. त्यातील अस्पर्जिलस बुरशीचे बीजाणू एरवी निरुपद्रवी असले, तरी न्यूट्रोफिल नसलेल्या फुफ्फुसात ते रुजतात.

मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगाची तऱ्हा निराळी. त्यात प्रतिपिंडे (रोगजंतूंना अडवणारी प्रथिने) बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बहुधा एकाच साच्याची निरुपयोगी प्रतिपिंडे भरमसाट बनवतात आणि उपयोगाची प्रतिपिंडे घटतात, त्यामुळे न्यूमोनिया वारंवार होतो आणि लसही कमी लागू पडते.

पेशंटच्याच टी-पेशींना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कर्करोग ओळखायला शिकवणाऱ्या ‘कार-टी’ उपचाराला, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या रूपात, भारतात 2023 साली मंजुरी मिळाली. या पेशी कर्करोगाच्या पेशींवरील सीडी19 ही खूण पाहून हल्ला करतात. पण ती खूण ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात, त्या निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्याही नष्ट होतात, आणि पुढे कित्येक महिने काही पेशंटांना प्रतिपिंडे सलाइनमधून द्यावी लागतात.