तिसावा किलोमीटर आणि पायातली साखर

भरतीची जाहिरात निघाली की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत पहाटे पाचला रस्त्यावर पोट्टे पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. त्यामुळे तेवढ्या अंतराची तयारी कशी करायची हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मग सोळाशेत पहिला येणारा एखादा मुंबई मॅरेथॉनचा फॉर्म भरतो आणि पारावरून सल्ला मिळतो, "दम पाह्यजे, बाकी काई नाई." सोळाशेपुरतं ते खरं आहे. ४२.१९५ किलोमीटरला मात्र दम शिल्लक असतानाच पाय थांबतात, कारण पायांतली साखर संपलेली असते.

हिशेब सोपा आहे. सपाट रस्त्यावर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला २५०० च्या आसपास लागतात. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं: यकृतात सुमारे १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ४००. ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर झाल्या २०००. चरबीचं इंधन भरपूर आहे, सडपातळ माणसाच्या अंगातही ४० हजारांवर किलोकॅलरी असतात. पण चरबी सावकाश जळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी जास्त ऑक्सिजन मागते. वेग वाढला की स्नायू चरबी सोडून साखरेकडे वळतात.

आता खरी गंमत. रक्तातलं ग्लुकोज स्नायूच्या पेशीत शिरलं की त्याला लगेच फॉस्फेटचा एक गट चिकटतो आणि त्याचं ग्लुकोज-६-फॉस्फेट होतं. या रूपात ते पेशीच्या पडद्यातून परत बाहेर पडू शकत नाही. फॉस्फेट काढून टाकणारं विकर (एन्झाइम) यकृतात असतं, स्नायूत नसतं. साठवलेलं ग्लायकोजेन फुटतं तेव्हाही स्नायूत हाच फॉस्फेट चिकटलेला रेणू तयार होतो. म्हणून यकृत हे गावाचं सामाईक कोठार, गरज पडेल तिकडे साखर पाठवणारं. स्नायू म्हणजे घरोघरची कणगी, आतून कडी लावलेली. लॅक्टेटच्या, म्हणजे साखर अर्धवट फुटून होणाऱ्या पदार्थाच्या, वाटेनं थोडं इंधन इकडून तिकडे जातं, पण पायाची भूक त्यानं भागत नाही. तुमच्या दंडात आणि खांद्यात साखर भरलेली असते आणि मांडीची कणगी रिकामी.

१९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या स्वीडिश संशोधकांनी हे स्वतःच्या पायांवर दाखवलं. दोघांनी एकेकाच पायानं सायकल दमेपर्यंत चालवली, मग तीन दिवस पिष्टमय जेवण घेतलं आणि सुईनं दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झालं होतं. माणूस तोच, जेवण तेच, रक्तही तेच. स्नायू आधी रिकामा झाला की तो जास्त भरून घेतो. आठवड्याच्या लांब धावेला पर्याय नाही, त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं असं की दीड-दोन तासांनंतर रोजच्या वापरातले स्नायूतंतू रिकामे होऊ लागतात आणि एरवी स्वस्थ बसणाऱ्या तंतूंना कामाला लागावं लागतं. छोट्या धावांत त्यांची पाळीच येत नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. १६ आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरची अखेर येते, म्हणजे सोयाबीनची कापणी आणि पाठोपाठ कापूस वेचणी. आठवड्याला तीनच दिवस मिळतील असं धरा: मंगळवारी ५-६ किलोमीटर थोडं जोरात, गुरुवारी ८ ते १० आरामात, रविवारी लांब धाव. ती १० किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू ३० पर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्याला कमी करा, साडेतीन तासांवर ताणू नका आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवत आणा. सुरुवातीलाच ८ किलोमीटर न थांबता जमत नसतील तर यंदा अर्ध मॅरेथॉन करा. दिवसभर वाकून कापूस वेचण्यात नाडी तेवढी चढत नाही, म्हणून ते सरावात मोजू नका. थकव्यात मात्र नक्की मोजा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. सतत एकाच कडेनं धावलं तर गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते, म्हणून उजाडून रस्ता मोकळा असताना बाजू बदला.

लांब धावेच्या आदल्या संध्याकाळी दर पाचव्या किलोमीटरच्या दगडामागे बाटली ठेवून या. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. याहून गोड केलं तर पाणी पोटात रेंगाळतं आणि ढवळतं. तासाला अर्धा लिटर आणि वर एक केळं, म्हणजे ५०-५५ ग्रॅम साखर झाली. नुसत्या ग्लुकोजची आतड्यातून शोषण्याची कमाल तासाला ६० ग्रॅमच्या आसपास असते, तीही सरावानं जमते. पाचव्या किलोमीटरपासूनच घोट घ्या. तहान नसताना साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

स्पर्धेआधी सलाईन लावून घ्यायची खोड गावोगाव आहे, ती सोडा. ग्लुकोजच्या ५ टक्के द्रावणाच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, एका मध्यम केळ्याइतकं. ६० किलोच्या माणसाला ते जेमतेम सोळाशे मीटर पुरेल. घोट्याला बांधलेला काळा दोरा तेवढंही देत नाही. तपासणी करायची असेल तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराची करा. विदर्भात वाहक पुष्कळ आहेत. त्यांना एरवी काही जाणवत नाही, पण उष्म्यात, पाणी कमी पडलेलं असताना जबर श्रम झाले तर स्नायू मोडून कोसळण्याचा धोका त्यांना जास्त.

शेवटचे दोन दिवस रोज वजनाच्या दर किलोला ८ ग्रॅम पिष्ट पोटात जाऊ द्या. ६० किलोला ४८० ग्रॅम होतात: अर्धा किलो तांदळाचा भात दोन-तीन वेळांत, सोबत केळी आणि गूळ. ज्वारीच्या भाकरीत चोथा जास्त, म्हणून आदल्या दिवशी भातच. वजन किलोभर वाढेल, कारण ग्लायकोजेन आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. रात्रभरात यकृताचं कोठार बरंच उपसलं जातं, म्हणून धावण्याआधी तीन तास साधे पोहे खा. तर्री नको.

वेगाची कसोटी एकच: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सोळाशे मीटर सहा मिनिटांत मारणाऱ्याचा वेग किलोमीटरला पावणेचार मिनिटं असतो. कमी सरावाच्या पहिल्या मॅरेथॉनला त्यानं सात मिनिटं धरावीत, म्हणजे ४ तास ५५ मिनिटं. पहिल्या दहा किलोमीटरांत जोर केला तर तिसाव्यानंतर मांड्या लाकडासारख्या होतात, सातचे नऊ-दहा होतात, थंड घाम सुटतो आणि उरलेल्या किलोमीटरांची वजाबाकीही जमत नाही, कारण मेंदूही यकृताच्या त्याच कोठारावर जगतो.

आपल्याकडे जानेवारीची पहाट कोरडी असते, घाम आला तसा उडून जातो आणि अंग गार ठेवतो. मुंबईत तो ठिपकतो, आणि ठिपकलेला घाम उष्णता नेत नाही. तिथे किलोमीटरला आणखी १५-२० सेकंद सोडा. पेडर रोडची चढण परतीच्या वाटेवर, नेमकी कणगी रिती झाल्यावर येते. ती सरळ चालत चढा. दोन-तीन मिनिटं जातील. धावत चढून पेटके आले तर मरीन ड्राइव्ह सगळा लंगडत काढावा लागेल.