उन्हापासून त्वचेचे रक्षण

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेला होणारी इजा टाळण्यासाठी योजलेले कपडे, लेप आणि दिनक्रमातले बदल. मराठीत ‘ऊन लागणे’ म्हणजे उष्म्याने आजारी पडणे. त्वचेचे नुकसान ही त्याहून निराळी गोष्ट. उन्हात चामडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि हे किरण दिसतही नाहीत, जाणवतही नाहीत. खिशात कांदा बाळगण्याची जुनी रीत उष्म्यासाठी होती, त्वचेशी तिचा संबंध नाही.

दोन्हींतला फरक घड्याळात सापडतो. पारा सर्वांत वर चढतो तो दुपारी तीनच्या आसपास. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य ऐन माथ्यावर असताना, म्हणजे मे महिन्यात नागपूरला साधारण १२.१० ला आणि मुंबईला १२.३५ ला असतो. मेच्या मध्यास पुण्यात आणि अखेरच्या आठवड्यात नागपुरात सूर्य इतका डोक्यावर येतो, की उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. अशा निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांचा जोर सांगणारा आकडा, ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना तर ३ पासूनच काळजी घ्यायला सांगते. निर्देशांक ठाऊक नसेल तर आपली सावली पाहावी : ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर आडोसा बरा. उंचीवर हे किरण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात दिवसभर हिंडलेल्या माणसाचे नाक संध्याकाळी लाल का होते, ते यावरून कळावे.

या किरणांचे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोहोचतात. आखूड लहरींचे ‘बी’ किरण (२८० ते ३१५ नॅनोमीटर) वरचा थर भाजतात. लाली काही तासांनी दिसू लागते. लांब लहरींचे ‘ए’ किरण (३१५ ते ४०० नॅनोमीटर) खोल जाऊन कोलॅजेन हे त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन तोडतात, सुरकुत्या आणतात. हे काचेतूनही येतात. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याचा खिडकीकडचा, म्हणजे आपल्याकडे उजवा, हात डाव्यापेक्षा रापलेला दिसतो तो त्यामुळेच. गालावरचे वांगही उन्हाने गडद होते.

रापणे ही त्वचेची स्वतःची ढाल आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य काही किरण शोषून घेते. त्यामुळे सावळ्या त्वचेत उन्हाने होणारा कर्करोग गोऱ्या त्वचेपेक्षा बराच कमी आढळतो. पण ढाल तयार होते ती इजा झाल्यावर. कोडाच्या चट्ट्यांना तेवढीही ढाल नसते. आपल्याकडे या साऱ्या काळजीला ‘काळे पडू’ ही धास्ती चिकटलेली आहे. ती बाजूला ठेवली तरी रक्षणाची गरज उरतेच.

सर्वांत भरवशाचे साधन कपडाच. शेतकऱ्याचे मुंडासे, विदर्भात तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा, दुचाकीवरच्या मुलींचा फक्त डोळे उघडे ठेवणारा स्कार्फ आणि सनकोट ही सगळी एकाच कुळातली. गांधी टोपीला काठ नसल्याने नाक-कान उघडेच राहतात. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरेच किरण आरपार जातात, घामाने भिजल्यावर आणखी. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड जास्त अडवते. ओढणी पातळ असेल तर दुहेरी घ्यावी.

उघड्या भागासाठी सनस्क्रीन. त्यावरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांपुरता असतो : १५ चे सुमारे ९३ टक्के, ३० चे ९७ टक्के, ५० चे ९८ टक्के किरण अडवते. ‘ए’ किरणांसाठी वेष्टनावरची ‘पीए’ ही अक्षरे आणि पुढची अधिकचिन्हे पाहावीत; चिन्हे जितकी जास्त तितके रक्षण अधिक. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून मोजलेले असतात. प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्माही लावत नाहीत. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतका लेप हवा, आणि उन्हात असेपर्यंत तो दर दोन तासांनी पुन्हा लावायला हवा.

कोरफड किंवा चंदनाने भाजलेल्या त्वचेला गारवा वाटतो, किरण मात्र त्यांनी अडत नाहीत. लिंबू तर उलट घातकच. त्याच्या रसातली काही द्रव्ये उन्हात त्वचा जाळतात. सरबतासाठी लिंबे पिळून, हात न धुता उन्हात गेल्यास दोन-तीन दिवसांत मनगटावर फोड येतात आणि पुढे रसाच्या ओघळाच्या आकाराचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.