शौर्यपदकाचा मासिक भत्ता: मुंबईतल्या कुटुंबांनी अर्ज कुठे करायचा?

लढाईतल्या शौर्याबद्दल पदक मिळालेल्या सैनिकाला केंद्र सरकार पेन्शनशिवाय वेगळा मासिक भत्ता देतं. त्याच्यामागे तो पत्नीला मिळतो; तिने पुनर्विवाह केला तरी २०१७ पासून तो बंद होत नाही. मरणोत्तर पदक मिळालेला जवान अविवाहित असेल तर हक्क आईवडिलांचा.

आधी पदक नीट ओळखा. १९७१ च्या युद्धातले ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’, ‘संग्राम मेडल’ ही सेवेची पदकं. त्यांचा मान मोठाच, पण त्यांवर भत्ता नाही. १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दरांनुसार परमवीर चक्राला महिना २०,००० रुपये, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,००० आणि सेना, नौसेना किंवा वायुसेना मेडलला २,०००. सेना मेडल विशिष्ट सेवेसाठीही देतात; भत्ता फक्त शौर्यासाठी दिलेल्याला. पदक कशासाठी, ते राजपत्रातल्या नोंदीत कळतं, म्हणून ती प्रत सगळ्यात महत्त्वाची. दोन पदकं असतील तर भत्तेही दोन.

भत्ता सुरूच झाला नसेल तर अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. नौसैनिकांच्या कुटुंबांना लांब जावं लागत नाही, नौदलाचं पेन्शन ऑफिस मानखुर्दलाच आहे. कुठलाही अर्ज आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. तिथली मदत मोफत असते, एजंटला एक रुपयाही देऊ नका.

सोबत राजपत्राची प्रत, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन आणि बँक पासबुक लागतं. पत्नी अर्ज करत असेल तर मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा पुरावाही.

खरी अडचण येते नावाची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. सर्व्हिस रेकॉर्डवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की फाइल अडते. ऐंशीच्या घरातल्या वीरपत्नीला यासाठी खेटे घालायला लावणं मला फार लागतं. म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा. गरज पडल्यास राज्य राजपत्रात नावबदलाची नोंद ऑनलाइन करता येते.

राज्य सरकारचं एकरकमी अनुदान वेगळं. त्यासाठी पदकधारक महाराष्ट्राचा रहिवासी हवा, म्हणून अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. हा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच पुढे जातो.

भत्ता पेन्शनसोबत ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवरून जमा होत असेल, तर दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत भरा.