असाइन प्रोफाइल की कन्व्हर्ट टू प्रोफाइल?

दारव्हा-दिग्रस पट्ट्यात लग्नांचे फोटो काढून मला बरीच वर्षं झाली, तरी एका अल्बमनं माझी चांगलीच जिरवली. छापून आला तर नवरीचा हिरवा चुडा मलूल. तिची आई म्हणाली, "दादा, पोरीचा चुडा सुकल्या पाल्यावानी कायले दिसून राह्यला?" मी लॅबवाल्याशी फोनवर भांडलो. चूक माझीच निघाली.

फोटोशॉपच्या एडिट मेनूत दोन ओळी आहेत: असाइन प्रोफाइल आणि तिच्याखाली कन्व्हर्ट टू प्रोफाइल. कॅमेरा अडोबी आरजीबीवर होता, लॅबला एसआरजीबी हवं होतं; ही दोन्ही रंग मोजायची मापं, म्हणजेच प्रोफाइल. मी वरची ओळ निवडून सगळ्या फोटोंची बॅच लावली अन् चहाला गेलो. पडद्याकडे पाहिलं असतं तर तिथंच कळलं असतं.

सातबारा घ्या. त्यावर २ हेक्टर लिहिलंय. २ तसाच ठेवून 'हेक्टर' खोडलं आणि 'एकर' लिहिलं, तर कागदावर निम्म्याहून जास्त वावर गेलं. हे असाइन. २ हेक्टरचे ४.९४ एकर केले, तर आकडा बदलला, पण धुरा जागचा हलला नाही. हे कन्व्हर्ट.

फोटोतही आकडेच असतात, प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा, ० ते २५५. ते कोणत्या मापानं वाचायचे हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबीतला २५५, ०, ० हा लाल अडोबी आरजीबीत साधारण २१९, ०, ० होतो. त्या २१९ वर नुसती एसआरजीबीची चिठ्ठी डकवली की कुंकू काळपट पडणारच. हिरव्याची गत आणखी वाईट, कारण दोन्ही मापांचा लाल मुळात एकच असला तरी हिरवा वेगळा आहे. अडोबीचा कितीतरी सतेज.

कन्व्हर्टलाही मर्यादा आहे. एसआरजीबीत न मावणारा हिरवा तो मावेल तिथवर आत ओढतो, आणि फाइल पुन्हा अडोबी आरजीबीत नेली तरी गेलेला रंग परत येत नाही. म्हणून मूळ फाइल मी वेगळी ठेवतो.

मग असाइन कशाला? प्रोफाइलच नसलेली फाइल आली तर. पोळ्याच्या बॅनरसाठी पोरं कुठून कुठून फिरून आलेला बैलजोडीचा फोटो पाठवतात. त्याला आधी एसआरजीबी असाइन करतो, झुलीचा रंग बरा दिसतो का ते पाहतो, आणि मगच छपाईवाल्याच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करतो.