जखमी मुलांना घरी सोडताना द्यायची ओपिऑइड औषधे

हाड मोडलेल्या, भाजलेल्या किंवा टाके पडलेल्या मुलाला कॅज्युअल्टीतून सुट्टी देताना घरी घेण्यासाठी मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल अशी अफूच्या जातकुळीतली वेदनाशामके लिहून देण्याची पद्धत. अमेरिकेत ती बरीच रुळली होती आणि पुढे अंगलट आली. भारतात ती मुळातच विरळ आहे.

नागपुरात संक्रांतीच्या सुमारास गच्चीवरून पडलेली, नायलॉन मांजाने कापलेली मुले मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि खासगी दवाखान्यांत येतात. मनगटाला प्लास्टर लागते. इंजेक्शनचा असर असेपर्यंत मूल शांत असते. खरे दुखणे रात्री घरी सुरू होते. तेव्हा 'मोठा झालास, रडतोस काय' म्हणून ते अंगावर काढायला लावणे हा मुलावर अन्यायच आहे. मात्र त्यासाठी ओपिऑइड क्वचितच लागते. साध्या फ्रॅक्चरच्या मुलांवर कॅनडात झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडावाटे दिलेले मॉर्फिन आयबुप्रोफेनपेक्षा सरस ठरले नाही. उलट्या, गुंगी असे त्रास मात्र मॉर्फिननेच जास्त झाले.

कोडीनचा धोका वेगळा. यकृतात त्याचे मॉर्फिन होते आणि काही मुलांत ते इतक्या झपाट्याने होते, की झोपेत श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ट्रामाडॉलचा धोकाही तसाच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये वेदनेसाठी ही दोन्ही औषधे 12 वर्षांखालील मुलांना निषिद्ध ठरवली. भारतात ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. (निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचे औषध ओपिऑइड नाही, पण 12 वर्षांखालील मुलांसाठी त्यावर 2011 पासून बंदी आहे, घरातली जुनी बाटली काढून देऊ नये.)

घरी भिस्त पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवर असते, आणि चूक होते ती मापात. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला एका वेळी 300 मिलिग्रॅम. 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचे सिरप असेल तर 6 मिली; 120चे असेल तर साडेबारा मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून चिठ्ठीवर नुसते 'एक चमचा' लिहून भागत नाही. बाटलीवरचा आकडा आईला बोट ठेवून दाखवावा आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याऐवजी मापाचे टोपण वापरायला सांगावे. दोन डोसांत सहा तासांचे अंतर असावे.

औषध देऊनही प्लास्टरखालचे दुखणे वाढतच गेले, बोटे निळी पडली किंवा बधिर झाली, तर डोस वाढवू नये; मुलाला त्याच रात्री परत आणावे.